करवंदबारीची चिठ्ठी

पाळक योहान गावितांनी चार गावांची नावं वाचली आणि चौथं नाव ऐकताच रूपीबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

तसं पाहिलं तर त्या सकाळी घाबरण्यासारखं काही नव्हतं. उलट सावरपाड्याच्या ख्रिस्ती मंडळीत सगळा आनंदीआनंद. दोन वर्षं दर शनिवारी चाललेलं सेवकांचं प्रशिक्षण संपलं होतं, चौघंजण पास झाले होते आणि पुढच्या रविवारी देवळात त्यांचा सत्कार व्हायचा होता. कौसाबाईनं चौघांसाठी काळे झगे आणि टोप्या शिवायला घेतल्या होत्या, झगे चारही एकाच मापाचे, म्हणजे एकालाही नीट बसणार नाहीत असे. नवापूरला फ्लेक्स छापायला गेला होता. त्यावर रूपीबाईचा आधारकार्डावरचा फोटो होता. एकावन्न वर्षांची बाई, पण फोटोत अशी दिसत होती की जणू पोलीस तिच्या मागावर आहेत.

गावं वाचण्याचं कारण असं. या मंडळीत जुनी रीत आहे. प्रशिक्षण पुरं केलेल्यानं वर्षभर एका गावात जाऊन राहायचं, घरोघर प्रार्थना घ्यायची, आजाऱ्यापाशी बसायचं, पोरांना अक्षरं शिकवायची. कोण कुठं जाणार हे पाळक ठरवत नाहीत. गावांच्या चिठ्ठ्या वाळक्या दुधीच्या तुंब्यात टाकायच्या आणि ज्याची त्यानं काढायची. पाळकांनी ठरवलं तर लोक पाळकांवर रुसतात, तुंब्यावर कोण रुसणार?

"टेंभुर्णपाडा, मोहखेडी, वेलदरी," पाळक म्हणाले. "आणि यंदा नवीन गाव, करवंदबारी. तिथली पाच घरं प्रार्थनेला बसतात. त्यांनी माणूस मागितलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूपीबाईनंही वाजवल्या, पण हाताला घाम सुटला होता, त्या टाळ्यांचा आवाजच आला नाही.

करवंदबारी हे तिचं सासर. एकोणीस वर्षांत तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. सावरपाड्यात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की नवरा तापानं गेला, दिरानं जमिनीत वाटा दिला नाही, म्हणून बाई मावशीकडे आली आणि इथलीच झाली. तिनंच तसं सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं वेगळंच होतं. नवरा गेल्यानंतर वर्षाच्या आत दिराचं, भीमसिंगचं, दोन वर्षांचं पोर जुलाबानं गेलं. सुऱ्या त्याचं नाव. आदल्या दिवशी त्यानं रूपीबाईच्या हातची भाकर खाल्ली होती. गावानं भगताला बोलावलं, भगतानं दाणे टाकले, दाणे मोजले आणि बोट रूपीबाईकडे केलं. डाकीण. एवढा एकच शब्द, पण त्याच्यापुढे बाईचं काही चालत नाही. भर दुपारी तिचे केस कापले, तिला नाल्यापर्यंत ओढत नेलं. भीमसिंगच्या हातात कुऱ्हाड होती आणि तो रडत होता. रडणाऱ्या माणसाच्या हातातली कुऱ्हाड फार वाईट, ती कुठं पडेल याचा नेम नसतो. कुणाचा तरी हात सैल पडला आणि ती जीव मुठीत धरून पळाली.

इथं कुणाला सांगायची तिची छाती झाली नाही. लोक चांगले होते, म्हणूनच तर भीती. वाईट माणसांनी तोंड फिरवलं तर काही वाटत नाही. पण हीच कौसाबाई, शेजारीण, दहा वर्षांची जिवाभावाची, रोज संध्याकाळी नातवाला रूपीबाईच्या ओट्यावर सोडून शिलाई मशीनवर बसायची. कौसाबाईनं तो शब्द ऐकला आणि नातवाला ओढून घेऊन गेली तर? नुसत्या विचारानं रूपीबाईच्या अंगावर काटा यायचा.

आणि आता चारांतली एक चिठ्ठी करवंदबारीची.

सोमवारी तिनं ताप आल्याचं सोंग घेतलं. म्हटलं, आजारी माणसाला कोण पाठवतं. कौसाबाई ताबडतोब काढा घेऊन हजर. असला कडू, की खरा ताप असता तर तोही पळाला असता. मंगळवारी रूपीबाई मुकाट्यानं उठून बसली. बुधवारी पाळकांना सगळं सांगायचं म्हणून ती त्यांच्या दारापर्यंत गेली, पाळकीणबाईंनी चहा दिला, ती तो प्यायली आणि पावसापाण्याचं बोलून परत आली. रात्री डोळ्याला डोळा लागेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हिच्या पाठीमागचा राक्षस खरा होता, त्याला नाव होतं, घर होतं आणि बहुधा कुऱ्हाडही होतीच.

शनिवारी देऊळ झाडायची पाळी तिचीच होती. झाडता झाडता वेदीच्या टेबलाशी आली तर तुंबा तिथंच ठेवलेला. आत चार चिठ्ठ्या. तिनं दाराकडे पाहिलं. बाहेर पोरं पताका लावत होती.

तिनं तुंबा पालथा केला. चिठ्ठ्या उघडून वाचल्या, वाचायला ती याच देवळात शिकली होती. करवंदबारीची चिठ्ठी चोरावी असं क्षणभर वाटलं, पण मग तीनच उरल्या असत्या आणि बोभाटा झाला असता. म्हणून तिनं दुसरी युक्ती केली. त्या एका चिठ्ठीला घडीवर घडी घातली, इतकी की ती हरभऱ्याच्या दाण्यासारखी टणक झाली. बाकीच्या तीन पहिल्यासारख्याच सैल. हात घातला की बोटांना कळणार. चारही परत आत टाकल्या, हात जोडले आणि देवाला म्हणाली, "बापा, एवढं एक पोटात घाल." दोन वर्षं देवाचं वचन शिकून बाईनं पहिली सेवा केली ती ही.

रविवार उजाडला. फ्लेक्स लागला, ढोल आला, सकाळपासून बाहेर मोठ्या पातेल्यांत तुरीची डाळ आणि कोंबडीचा रस्सा शिजू लागला. त्या त्या गावाचा एकेक माणूस आपल्या शेतातला तांदूळ घेऊन येत होता. तीही रीतच. गावाचा तांदूळ वेगळ्या पातेल्यात शिजवायचा, आणि ज्याला ते गाव मिळेल त्यानं गावच्या माणसाला पहिला घास आपल्या हातानं भरवायचा. माणसानं घास खाल्ला म्हणजे गावानं सेवक पत्करला. नाही खाल्ला असं आजवर झालं नव्हतं.

रूपीबाई झगा सावरत दाराशी उभी होती. झगा एवढा लांब, की पायात येऊन ती दोनदा धडपडली. शेजारी प्रिस्किला, चौघांत सगळ्यात लहान, बावीस वर्षांची. पोरीनं झग्याला कमरेत पिन लावून तो छान बसवून घेतला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक लेकराचा गालगुच्चा घेत होती. बोलायची तर थांबायचीच नाही.

"मावशी, तुमचे हात एवढे गार का? परीक्षा तर झाली की."

"म्हातारपण गं."

"काहीतरीच. मला कुठलंही गाव मिळू दे, फक्त तिथं रेंज असू दे."

तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. डोक्यावर तांदळाची पिशवी, हाताला चारेक वर्षांचा पोरगा. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते, पण चाल तीच, डावा पाय जरा ओढत चालायची. भीमसिंग. रूपीबाईनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. तो जवळून गेला. त्याच्या अंगाला धुराचा आणि मोहाच्या फुलांचा तोच वास होता.

म्हणजे पाच घरांतलं एक घर भीमसिंगचं. त्यानं बाप्तिस्मा घेतला होता, तो प्रार्थनेला बसत होता. रूपीबाईला याचा आनंद व्हायला हवा होता, धड्यात तसंच शिकवलं होतं. पण पळून जावं असं वाटत होतं. माणूस बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडून वर येतो, भीती काही बुडत नाही, ती वर तरंगत राहते.

गायन झालं, उपदेश झाला. मग तुंबा पुढे आला.

वयानं मोठा तो आधी. दलपतबापू, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांनी हात घातला. रूपीबाई मनात म्हणत होती, यांना जाऊ दे, बाप्याला कोण काय करणार. पण त्यांच्या हाती वेलदरी आली. मग तिची पाळी. तिनं आत बोटं घातली. पहिल्याच झटक्याला तो टणक दाणा बोटाला लागला. विंचू चावल्यासारखा तिनं हात बाजूला घेतला आणि सैल चिठ्ठी ओढली. मोहखेडी. लोकांनी आमेन म्हटलं. तिनं चिठ्ठी मुठीत घट्ट धरली. तिसरा दिलवरसिंग, त्याला टेंभुर्णपाडा.

उरली एकच. प्रिस्किलानं तुंबा उलटा करून हातावर पाडली.

"एवढी बारीक घडी कुणी घातली," असं पुटपुटत तिनं नखानं ती उलगडली आणि मोठ्यानं वाचलं, "करवंदबारी."

आमेन. टाळ्या. रूपीबाईनं या बाजूनं विचारच केला नव्हता. आठवडाभर ती स्वतःला वाचवत होती, पण आपण सोडलेली चिठ्ठी कुणाच्या तरी हाती पडणार, हे त्या खुळ्या जिवाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पाळकांनी गावाच्या माणसाला पुढे बोलावलं. भीमसिंग आला, मागून नातू त्याचं धोतर धरून. त्यानं प्रिस्किलाला हात जोडले. ही पोर हसली, खाली वाकली, लेकराचा गाल दोन्ही हातांत घेतला आणि पर्समधून चॉकलेट काढलं.

"नाव काय रे तुझं? हे घे. खा."

पोरानं हात पुढे केला.

रूपीबाईला पुढचं सगळं दिसलं. उद्या या पोराला ताप येईल, परवा जुलाब लागतील, आणि कुणीतरी विचारेल, काल यानं कुणाच्या हातचं खाल्लं होतं. एकटी पोरगी, परकं गाव, भगताचे दाणे. आणि ही असली की भेटेल त्या लेकराला जवळ घेणार, खाऊ घालणार.

"देऊ नकोस!"

ढोलवाल्याचा हात थांबला. सगळं देऊळ तिच्याकडे बघू लागलं. प्रिस्किलाचा हात तसाच राहिला. आणि भीमसिंगनं तो आवाज ओळखला. त्यानं टोपीखालचा चेहरा पाहिला आणि झटकन नातवाला ओढून पाठीमागे घातलं.

तेव्हा रूपीबाईला दिसलं की हा घाबरलाय. एकोणीस वर्षं जिच्या स्वप्नात हा कुऱ्हाड घेऊन यायचा, तिलाच बघून हा पांढराफटक पडला होता. याचं तिला जरासुद्धा बरं वाटलं नाही. घाबरलेला माणूसच तर कुऱ्हाड उचलतो.

"रूपीबाई, काय झालं?" पाळकांनी विचारलं.

आता मूठ उघडायला हवी होती. तिनं टोपी काढली.

"चिठ्ठीला मी घडी घातली," ती म्हणाली. "काल. झाडायला आले होते तेव्हा. ती माझ्या हाती येऊ नये म्हणून."

कुणाला काही कळलं नाही.

"हे माझं सासर. हा माझा दीर. याचं पोर गेलं तेव्हा मला डाकीण म्हणून हाकललं यांनी. मी तुम्हाला खोटं सांगितलं. जमिनीचं काही नव्हतं."

तिनं मुद्दाम बघितलं नाही, पण डोळे आपोआप गेले, बायकांच्या तिसऱ्या रांगेकडे. कौसाबाईनं नातवाला मांडीवर ओढून घेतलं होतं. दोन्ही हातांनी. तिच्या ते लक्षातही नसावं. रूपीबाईची नजर भिडली तशी तिनं मान खाली घातली, पण हात सोडले नाहीत.

ज्याला आपण आठवडाभर, छे, एकोणीस वर्षं भ्यालो, ते हे. झालं एकदाचं. रूपीबाईला रडू आलं आणि ती रडली, सगळ्यांच्या देखत, झग्याच्या बाहीनं नाक पुसत.

मग म्हणाली, "करवंदबारी मला द्या. पोरीला पाठवू नका तिथं."

"चिठ्ठी बदलायची रीत नाही, बाई," मागून एक जुने पंच म्हणाले.

"घडी घालायची तरी कुठं होती?" प्रिस्किला म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चिडका झाला होता. तिनं रूपीबाईच्या मुठीतली मोहखेडीची चिठ्ठी काढून घेतली आणि तिथं आपली कोंबली. "झालं. आता पंचांना काय ते लिहू द्या." मग हळूच विचारलं, "मावशी, खरंच जाल? भीती नाही वाटत?"

"जीव जातोय माझा भीतीनं," रूपीबाई म्हणाली. "पण मला ठाऊक तरी आहे ना, तिथं कशाला भ्यायचं ते."

पाळकांनी भीमसिंगकडे पाहिलं. "तुम्ही बोला. गाव तुमचं आहे."

बाहेरून कुणीतरी रीतीप्रमाणे करवंदबारीच्या तांदळाच्या भाताची परात आणून मध्ये ठेवली होती, त्यातून वाफ निघत होती. भीमसिंग परातीकडे बघत राहिला. मग नातवाला दलपतबापूंच्या हाती दिलं आणि परातीच्या अलीकडे मांडी घालून बसला. रूपीबाई पलीकडे बसली. दोघांमध्ये हातभर अंतर. एवढ्या जवळून त्यांनी एकमेकांना नाल्याकाठीच शेवटचं पाहिलं होतं.

तिनं भात कालवला, घास केला. हात इतका कापत होता की शितं खाली पडत होती. भीमसिंगचं तोंड मिटलेलंच. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, आपल्या घरच्या बोलीत. "त्या दिवशी तू सुऱ्याला काय दिलं होतंस?"

हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. ना भगतानं, ना गावानं. दाणे मोजले, पण विचारलं नाही.

"नागलीची भाकर," ती म्हणाली. "गूळ लावून. जुलाब लागले म्हणून तुम्ही त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं होतं, भीमसिंग. भगतानं सांगितलं होतं, काही देऊ नका म्हणून. तो माझ्या चुलीपाशी आला आणि तोंड उघडून उभा राहिला. मला बघवेना."

भीमसिंगच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यानं ते पुसलं नाही.

"खाल्ली त्यानं?"

"सगळी खाल्ली. आणखी मागितली, मी आणखी दिली. पोट भरलं तसा माझ्या मांडीवरच झोपला."

"म्हणजे उपाशी गेला नाही."

"नाही. उपाशी नाही गेला."

तो तिच्या हाताकडे बघत होता, हातातल्या त्या घासाकडे. भीती त्याच्याही गेली नव्हती, डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. तिची तर मुळीच गेली नव्हती. तिनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि घास पुढे केला.

भीमसिंगनं डोळे मिटले आणि लहान पोरासारखं तोंड उघडलं.